तिसऱ्या डब्यावरचे ठिपके

“या पुळ्या पण काढायच्या का, ताई?”

मनोहररावांनी काउंटरवरच्या वर्तमानपत्रावर खेळण्यातल्या आगगाडीचे पत्र्याचे तीन डबे ओळीनं मांडले होते. सदर भागातलं त्यांचं दुकान घड्याळदुरुस्तीचं, पण चावीवर चालणारं काहीही ते हातात घेतात असं ह्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं होतं. डोळ्याला लावलेलं भिंग कपाळावर सरकवून ते माझ्याकडे पाहत होते. त्यांचं बोट पहिल्या डब्याच्या खिडकीखाली होतं. तिथं पत्रा आतून ठोकून बाहेर काढलेला एक टणक ठिपका होता. दुसऱ्या डब्यावर तसे दोन होते आणि तिसऱ्यावर तीन.

“सगळंच काढा,” मी म्हणाले. “मूळची होती तशी करून द्या.”

मूळची कशी होती ते खोक्याच्या फाटक्या झाकणावर छापलेलं होतं. मरून रंगाचं इंजिन, मरून डबे, कडेनं सोनेरी रेघ. विलायती गाडी. आमच्या घरात होती तिच्यावर काळा ऑइलपेंट फासलेला होता. इंजिनाच्या डोक्यावर सायकलच्या घंटीची वाटी बसवलेली होती आणि चाकाच्या दर फेऱ्याला एक खिळा तिच्यावर आपटायचा. चावीच्या जागी तळहाताएवढी लाकडी मूठ होती. मनोहररावांनी इंजिन उघडलं तेव्हा आतही एक भर निघाली. दात्यांच्या चाकांवर पत्र्याचा नखाएवढा पंखा बसवलेला होता. ठोके देणाऱ्या घड्याळात असा पंखा असतो, ते म्हणाले, ठोके घाईनं पडू नयेत म्हणून. इथं तो गाडी हळू चालावी म्हणून लावला होता. तो त्यांनी बराच वेळ उजेडात धरून पाहिला आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं.

मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांनी.

“मग एकदा त्यांना विचारून या ना. हे अडाण्याचं काम नाही. मुद्दाम केलेलं आहे.”

मी म्हटलं, ते पवनीला लग्नाला गेले आहेत, आठ दिवसांनी येतील, आणि त्यांना सांगायचं नाही हीच तर गंमत आहे. मनोहररावांनी मान हलवली. मी मात्र तेवढ्यावर थांबले नाही. हात पुढं करून त्या ठिपक्यांवर स्वतःचं बोट ठेवलं आणि म्हणाले, “हे तर आधी काढा. माझ्या मुलीच्या अंगठ्याला हेच लागले होते.”

ते बोट मला अजून आठवतं.

मामाजी, म्हणजे माझे सासरे रुपराव, रेल्वेच्या छोट्या गाडीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं फिटर होते. मागच्या वर्षी, अठ्ठ्याहत्तर साली, निवृत्त झाले. हार घातलेला एक फोटो, एक भिंतीवरचं घड्याळ, आणि सकाळी सहा वाजता जेवणाचा डबा भरून मागायची न सुटलेली सवय, एवढंच त्यांच्या निवृत्तीचं घरात उरलं. बोलणं फार कमी. जरीपटक्याच्या बाजारातून भाजी आणायची, घरातला बिघडलेला नळ नाहीतर शेगडी दुरुस्त करायची आणि दुपारी अंगणात खाटेवर बसायचं.

फिटरांची एक पद्धत असते. दोन भाग खोलायचे असले की खोलण्याआधी दोन्हींवर टोकदार पंचानं एकेक ठिपका मारायचा, म्हणजे परत लावताना जोडी चुकत नाही. मामाजींनी ती घरात आणली होती. माझ्या डाळीच्या डब्यांवर ठिपके, त्यांच्या झाकणांवर ठिपके. लग्नात मिळालेल्या माझ्या कोऱ्या कुकरच्या झाकणावरसुद्धा त्यांनी एक ठिपका मारून ठेवला होता. मी बी.एस्सी. झालेली सून, मला त्याचं हसू यायचं आणि थोडा रागही यायचा. गाडीच्या डब्यांवरचे ठिपके मी पाहिले तेव्हा मला वाटलं, हीही तीच सवय. पहिला डबा, दुसरा डबा, तिसरा डबा, लावताना चुकू नये म्हणून. ते ठिपके खोलगट नव्हते, बाहेर आलेले होते, एवढं माझ्या लक्षात आलं नाही. आणि माझ्या लक्षात काही येत नाही असं होत नसे.

माझ्या मुलीच्या, मित्राच्या, आधीचं माझं बाळ सात महिन्यांचं असताना गेलं. तेव्हापासून मला स्वस्थ बसता येत नाही. मित्रा झोपली की तिच्या नाकाजवळ बोट धरून बघायचं, पाणी दोनदा उकळायचं, नवं खेळणं डेटॉलच्या पाण्यातून काढायचं, सगळं मी करायची. तिच्या वाटेतली प्रत्येक टोकदार गोष्ट मला तिच्याआधी दिसायची.

हिवाळ्यातल्या एका दुपारी मी कपडे वाळत घालून आत आले तर मित्रा जमिनीवर बसलेली आणि तिच्यासमोर ही काळी गाडी. मामाजींनी ट्रंकेतून काढली होती. एवढ्या वर्षांत ती मी कधी पाहिली नव्हती. मामाजी उकिडवे बसले होते. मित्राचं बोट त्यांनी आपल्या हातात धरलं होतं आणि तिसऱ्या डब्यावरून हळूहळू फिरवत होते. मित्राला त्याची गंमत वाटेना, तिनं हात ओढून घेतला. डब्याच्या कडेला पत्रा थोडा उचकटलेला असावा. अंगठ्यावर तिळाएवढं रक्त आलं.

मी गाडी उचलून बाजूला टाकली. शेजारच्या इंदूबाई पीठ मागायला दारात उभ्या होत्या. त्यांच्यासमोर मी म्हणाले की ही गंजकी वस्तू माझ्या मुलीजवळ परत आणू नका, तुम्हाला कळत कसं नाही. मग रिक्षा करून दवाखान्यात गेले आणि तिला धनुर्वाताचं इंजेक्शन देववलं. डॉक्टरांनी अंगठा दोनदा शोधला, जखम कुठं आहे म्हणून.

परत आले तेव्हा गाडी ट्रंकेत गेली होती. त्या दिवसापासून मित्राला काहीही द्यायचं असलं की मामाजी आधी मला विचारायला लागले. संत्र्याची फोड सोलायची, बिया काढायच्या, वरचा पांढरा धागासुद्धा काढायचा, आणि मग ती हातात धरून स्वयंपाकघराच्या दाराशी यायचं.

“हे देऊ का तिले?”

रोज. प्रत्येक फोडीला. मी हो म्हणायची आणि मला माझ्याच आवाजाची लाज वाटायची. माफी मागायला जीभ वळत नव्हती. म्हणून मी ठरवलं की ती गाडी नवी करून आणायची. गुळगुळीत, चकचकीत, मित्रानं बिनधास्त खेळावं अशी. मग ते दोघं अंगणात बसतील आणि मी काही बोलणार नाही.

गाडी खरोखरच सुंदर झाली होती. मरून रंग आरशासारखा आणि सोनेरी रेघ केसासारखी बारीक. मनोहररावांनी ठिपके ठोकून सपाट केले होते, खळगे कथलाचा डाग देऊन भरले होते आणि वरून रंग चढवला होता. कुठं होते ते मला स्वतःला ओळखता येईना.

मामाजी गुरुवारी आले. पाय धुऊन, चहा घेऊन खाटेवर बसले. मी मित्राच्या हातून ते खोकं त्यांच्यासमोर ठेववलं. त्यांनी झाकण काढलं. मग तिसरा डबा उचलला. पहिला नाही, तिसरा. त्यांचा अंगठा खिडक्यांखालून सरकत शेवटापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. डबा उलटा करून त्यांनी दुसरी बाजूही तशीच पाहिली.

“छान झालं,” ते म्हणाले. “नव्यासारखं.”

मी चावी दिली. खोक्यात मिळायची तशी चपटी, छोटी चावी मनोहररावांनी मिळवून दिली होती. मामाजींच्या जाड बोटांत ती बसत नव्हती. कशीबशी भरली. मी रूळ जोडून गोल केला होता. गाडी सुटली ती भिंगरीसारखी. दुसऱ्याच वळणावर रूळ सोडून खाटेच्या पायावर आपटली. मित्रा टाळ्या पिटत होती. मामाजींनी उठून इंजिन उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि तिच्या हातात दिलं.

“घे. आता नाही बोचत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी समजले, आनंद दाखवता येत नाही त्यांना. एवढी चांगली गोष्ट झाली होती की मी रात्री ह्यांना दोनदा सांगितली. ह्यांनाही ती गाडी फक्त ट्रंकेत असते एवढंच ठाऊक होतं. लहानपणी हात लावायची परवानगी नव्हती, ते म्हणाले.

रविवारी शोभाताई आल्या. माझ्या नणंद, ह्यांच्याहून पाच वर्षांनी मोठ्या, कामठीला असतात. कांदे चिरता चिरता त्यांची नजर फडताळावरच्या गाडीवर गेली. सुरी ठेवून त्या उठल्या आणि तिसरा डबा हातात घेऊन दाराच्या उजेडात गेल्या.

“गोपीचे ठिपके कुठी गेले वं?”

मी विचारलं, गोपी कोण.

त्यांनी मागं वळून अंगणात पाहिलं. मामाजी खाटेवर होते. मग त्या माझ्याजवळ पाटावर बसल्या आणि हळू आवाजात सांगत गेल्या.

गोपिका त्यांची मोठी बहीण. मामाजींचं पहिलं मूल. पाच वर्षांची असताना देवी आल्या, त्यातून वाचली पण डोळे गेले. त्याच सुमारास कुणी साहेब विलायतेला परत निघाला, त्याच्या बंगल्यातून भंगारात आलेल्या सामानात ही गाडी होती, मोडकी. मामाजींनी ती मागून घरी आणली. आंधळ्या पोरीला गाडी कशाला, असं लोक म्हणाले. मामाजींनी घंटी बसवली, गाडी कुठं पोचली ते तिला ऐकू यावं म्हणून. पंखा बसवला, गाडी तिच्या बोटाखालून सावकाश जावी म्हणून. मूठ लावली, ती तिच्या हातात मावावी म्हणून. आणि डब्यांवर ठिपके ठोकले. एका ठिपक्याचा डबा मायचा. दोन ठिपक्यांचा बाबाचा. तीनचा गोपीचा.

“रुळाजवळ असं बोट धरून बसे,” शोभाताईंनी तर्जनी पुढं करून दाखवली. “डबे बोटाखालून जात. ‘माय गेली, बाबा गेला,’ म्हणे. अन् तिसरा आला का ‘मी गेली’ म्हणून हासे. दिवसभर तेच. तिच्या डब्याचे ठिपके अर्धे झिजून गेल्ते. मायबाबाच्यावाले नव्यासारखेच, तिच्यावाल्यावरून बोट घसरे.”

ती आठव्या वर्षी तापानं गेली. फोटो नाही. तेव्हा कोण काढत होतं फोटो. छप्पन साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यावर घरातले देव गेले, टाक गेले, जुनं सगळं मामाजींनी स्वतःच्या हातानं काढून टाकलं, ही ट्रंक तेवढी ठेवली. ह्यांना गोपीचं कुणी सांगितलंच नाही, ती गेली तेव्हा हे रांगत होते. सासूबाई होत्या तोवर तिचं नाव घरात निघत नसे.

शोभाताईंनी मला कुणी केलं हे, म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या की शेगडीवरचा कांदा करपून राहिला.

दुसऱ्या दिवशी मित्राला इंदूबाईंकडे सोडलं. तिला कुणाकडे सोडण्याची ती माझी पहिलीच वेळ. सदरला पोचेपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते, पण दुकानात गेल्यावर एवढंच विचारता आलं की काढलेले भाग टाकले का.

मनोहररावांनी काउंटरखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. वाटी, खिळा, मूठ, आणि कापसात गुंडाळलेला पंखा. “हे टाकवत नाही,” ते म्हणाले. “याची पाती मलाही इतकी सारखी कापता आली नसती.”

मग मी त्यांना ते ठिपके कशासाठी होते ते सांगितलं. ते भिंग काढून बसले. त्यांनी मला त्या दिवशीची आठवण करून दिली नाही. त्या बिस्किटांच्या डब्याकडे पाहत म्हणाले, “पुळ्या मात्र डब्यात ठेवता येत नाहीत, ताई.”

घरी आले तेव्हा मामाजी अंगणात संत्रं सोलत होते. मी तो डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि खाली जमिनीवर बसले. शोभाताईंनी सांगितलं, मला माहीत नव्हतं, मी विचारायला हवं होतं, त्या माणसानं मला विचारायला सांगितलंही होतं. सगळं बोलून टाकलं. इंजेक्शनच्या दिवसाचंही. ते ऐकत होते. हातातली फोड त्यांनी खाली ठेवली नव्हती.

“मले वाटलं, तुले माईत आहे,” ते म्हणाले. “शोभीनं सांगतलं असंन. माईत असून काढले, पोरीले बोचते म्हणून.”

मी म्हटलं, तुम्हाला असं वाटलं आणि तुम्ही मला काही बोलला नाहीत?

“काय बोलू? तू पोरीसाठी काढले. मी पोरीसाठी ठोकले होते.”

डबा उघडून त्यांनी पंखा कापसातून काढला आणि त्याच्यावर फुंकर मारली. तो फिरला. मी रडत होते, त्यांनी रडू दिलं. मित्रा इंदूबाईंच्या अंगणातून धावत आली तेव्हा ते त्या फोडीसकट माझ्याकडे वळले. सवयीनं तोंड उघडलं. मी त्याआधीच उठून आत गेले.

पुढचे चार दिवस दुपारी खाटेवर काम चाललं. इंजिन उघडलं, पंखा जागेवर गेला, मरून रंगावर एक ओरखडा पडू न देता घंटीची वाटी बसली. मूठ लागली. मग त्यांनी पहिला डबा मोकळा केला, लाकडाच्या ठोकळ्यावर छोटा खळगा कोरला, त्यावर पत्रा धरला आणि आतून पंच मारला. एकच ठोका. मित्राला बोलावून तिचं बोट त्यावर ठेवलं आणि टोचतं का विचारलं. ती नाही म्हणाली. तरी त्यांनी बारीक पॉलिश पेपर फिरवला. रंग तेवढ्यापुरता गेला, खालचा पत्रा चमकायला लागला. दुसऱ्या डब्यावर दोन. मित्राला आता सांगून झालं होतं. एक आजीचा, दोन आजोबाचे.

मग त्यांनी पंच पुसला आणि हत्यारांच्या पेटीत ठेवला.

मी दारात तांदूळ निवडत बसले होते. तिसरा डबा तसाच खाटेवर होता. मी विचारलं, आणि हा?

“तो राहू दे.”

“मामाजी, मित्राला सांगू का हा कोणाचा ते?”

“सांग ना. नाव सांग तिचं.” त्यांनी पेटीची कडी लावली. “ठिपके आता मी ठोकले तं ते माहे होतीन. तिचे नाही.”

तांदळात खडा नव्हता तरी मी ताट पुन्हा पहिल्यापासून निवडलं.

आता रोज दुपारी अंगणात रूळ मांडला जातो. गाडी सावकाश चालते, दर फेऱ्याला टण्ण करत. मित्रा डोळे मिटून तिच्यामागून रांगते. खाटेचा पाय आहे, तुळशीसारखी लावलेली गवती चहाची कुंडी आहे, तिच्या कपाळाला लागेल असं बरंच काही आहे. मी पाहते आणि गप्प बसते.

मामाजी रुळाशेजारी पाय दुमडून बसतात. डोळे उघडे असतात, पण गाडीकडे नसतात. उजव्या हाताची तर्जनी रुळावर टेकवल्यासारखी धरलेली असते. इंजिन खालून जातं. पहिला डबा जातो, मग दुसरा जातो.

तिसरा आला की ते बोट उचलतात. तो पुढं गेला की पुन्हा ठेवतात.